मुलाचा एक्स-रे नाही, सासूबाईंचा मात्र लगेच

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, कॉलेजच्या कबड्डी संघात खेळतो. चार दिवसांपूर्वी सरावात पकडीतून सुटताना त्याचा उजवा पाय आतल्या बाजूला मुरगळला. अर्ध्या तासात घोटा बाहेरून टम्म सुजला. लंगडत का होईना, पण स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर आला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाय ठिकठिकाणी दाबून पाहिला, खोलीत चार पावलं चालायला लावलं आणि ‘फोटोची गरज नाही’ म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. आता घोटा काळानिळा पडलाय. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या सासूबाई अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या. वय ६८, पंधरा वर्षांपासून शुगर आहे. सूज थोडीच होती, दुखतही फारसं नव्हतं, घरात चालत होत्या. त्यांना मात्र याच डॉक्टरांनी लगेच फोटो काढायला पाठवलं, आणि बाहेरच्या घोट्याचं हाड मोडलेलं निघालं. आता प्लास्टर आहे. सूज नव्हती तिथे फ्रॅक्चर निघालं, आणि मुलाचा पाय एवढा सुजूनही फोटो नको, हे मला पटत नाही. मिस्टर म्हणतात, आपणच जाऊन फोटो काढून आणू, जिवाला घोर तरी राहणार नाही. काय करू? आणि सासूबाईंना दुखत नाही, तर प्लास्टर लवकर काढता येईल का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय तसंच सगळं घडलं असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा योग्य तेच केलं. तुम्हाला ते उलटं वाटतंय याचं कारण तुम्ही सुजेवरून हिशोब करताय. घरोघरी तोच हिशोब चालतो. सूज डोळ्यांना दिसते आणि घाबरवते. पण घोट्याच्या बाबतीत सुजेवर फार विसंबता येत नाही.

पाय आत मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या बाजूचं एक लिगामेंट ताणतं किंवा फाटतं. बाहेरच्या घोट्याच्या हाडाला पायाच्या हाडाशी बांधून ठेवणारी ती चिवट पट्टी. ती फाटली की तिच्यालगतच्या बारीक रक्तवाहिन्याही फाटतात आणि तिथे भराभर रक्त साठतं. बघता बघता अंड्याएवढा फुगवटा येतो. पुढच्या चार-पाच दिवसांत तेच रक्त त्वचेखालून खाली उतरतं, टाचेकडे आणि बोटांकडे, आणि पाय जांभळा, मग हिरवट-पिवळा दिसायला लागतो. मुलाचा घोटा आज काळानिळा दिसतोय तो याचमुळे. दुखापत वाढलेली नाही, जुनंच रक्त खाली सरकतंय. हाड मोडल्यावरही सूज येते, लिगामेंट फाटल्यावरही येते, आणि कितीदा तरी लिगामेंटवाली सूज मोठी असते.

मग हाड मोडलंय का, हे ठरवायचं कसं? एक्स-रे हे त्याचं शेवटचं उत्तर. तो काढायचा की नाही, हे मात्र दोन साध्या गोष्टींवर ठरतं. बोटाने दाबल्यावर हाडावर नेमकं दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का. तुमच्या डॉक्टरांनी मुलाला खोलीत चालायला लावलं ते एवढ्यासाठीच. त्यामागे चांगला भक्कम अभ्यास आहे.

कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली तो मांडला. इमर्जन्सी विभागात पाय मुरगळून येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा एक्स-रे निघायचा, आणि त्यातले बहुतेक नॉर्मल असायचे. माणसं तासन् तास रांगेत बसून ‘काही नाही’ एवढंच ऐकून घरी जायची. त्यांनी ७५० प्रौढ रुग्ण तपासले. त्यांच्या घोट्याच्या ६८९ एक्स-रे तपासण्यांमध्ये लक्ष देण्याजोगी फ्रॅक्चर निघाली फक्त ७०. ही ७० आधीच, नुसत्या हाताने ओळखता आली असती का, हे त्यांनी शोधलं, आणि त्यातून आजचे ‘ओटावा नियम’ तयार झाले. जगभर ते पुन्हा पुन्हा तपासले गेले. २००३ साली अशा २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा असं दिसलं की ‘एक्स-रेची गरज नाही’ ठरलेल्या शंभर जणांत दोनपेक्षाही कमी लोकांचं फ्रॅक्चर निसटतं, आणि एक्स-रे मात्र ३० ते ४० टक्क्यांनी कमी होतात. आमच्या शास्त्रात इतका साधा आणि इतका भरवशाचा नियम क्वचित सापडतो. मला त्याबद्दल फार आदर आहे.

नियम असा. घोट्याजवळ दुखत असेल आणि बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या टोकावर, अथवा टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे काढायचा. दुखापत झाली त्या क्षणी चार पावलं टाकता आली नाहीत आणि तपासणीच्या वेळीही आली नाहीत, तरी काढायचा. लंगडत टाकलेली पावलं धरायची. प्रत्येक पायावर दोनदा भार आला म्हणजे झालं. तुमचा मुलगा स्वतः मैदानाबाहेर आला आणि डॉक्टरांसमोरही चालला. त्याच्या बाजूने हे दोन्ही पुरावे आहेत.

‘मागची कड’ या शब्दांवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे. मुरगळलेल्या पायावर घोट्याच्या पुढे आणि खाली दाबलं, तर माणूस ओरडणारच. तिथे लिगामेंट फाटलेलं असतं. त्या ओरडण्यावरून हाडाचं काहीच कळत नाही. मागच्या कडेवर मात्र हाड त्वचेखाली सरळ हाताला लागतं. मुलाला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवा. बाहेरच्या घोट्याचा सर्वांत खालचा टोकदार भाग शोधा, अंगठा त्याच्या मागे ठेवा आणि हाडाच्या कडेवरून हळूहळू वर सरकवा, साधारण चार बोटांच्या रुंदीइतकं. दाब इतका हवा की तुमच्या अंगठ्याचं नख पांढरं व्हावं. डोळे मात्र त्याच्या चेहऱ्यावर ठेवा. ‘दुखतंय का?’ विचारलं की मुलं आईजवळ एक सांगतात, मित्रांसमोर दुसरंच सांगतात. कपाळावरची आठी खरं सांगते. आतल्या घोट्यावरही असंच करा.

मग दोन जागा पावलावर. पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्यावर, एक उंचवटा हाताला लागतो. करंगळीच्या लांब हाडाचं ते मागचं टोक. पाय मुरगळताना एक स्नायू त्याला हिसका देतो आणि तो तुकडा सुटू शकतो. दुसरी जागा आतल्या बाजूला, आतल्या घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली, पावलाच्या कमानीच्या माथ्यावर. या दोहोंपैकी कुठेही हाडावर दुखलं, तर पावलाचा एक्स-रे लागतो. घोट्याच्या फोटोवर भागत नाही. तुम्ही ही तपासणी घरी केलीत म्हणजे निदान झालं असं समजू नका. पण कुठे खात्रीने दुखलं, तर उद्याच डॉक्टरांकडे परत जा आणि बोट ठेवून नेमकी जागा दाखवा.

आता माझी एक चूक सांगते. शिकत असताना रात्रपाळीला एक तरुण आला होता, मोटरसायकलवरून उतरताना पाय वळलेला. घोट्याचा एक्स-रे काढला, मला मोडलेलं काही दिसलं नाही. आतल्या बाजूला थोडं दुखत होतं, ते मी लिगामेंटच्या खात्यावर टाकलं आणि बँडेज बांधून त्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला. आमच्या वरिष्ठांनी घोट्याला हातही लावला नाही. त्यांनी गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला बोट टेकवलं, आणि तो पोरगा बसल्या जागी उसळला. पायाचं बाहेरचं बारीक हाड घोट्यापासून थेट गुडघ्यापर्यंत जातं. पाय पिळवटताना आतली बाजू फाटली, दोन हाडांना जोडणारा पडदा फाटत वर गेला आणि हाड वरच्या टोकाला मोडलं. या दुखापतीला मेझोनव्ह नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकातच त्याने तिचं वर्णन करून ठेवलं होतं. माझ्या हातातल्या एक्स-रेमध्ये ते फ्रॅक्चर नव्हतंच, कारण एक्स-रे तिथपर्यंत पोचला नव्हता. घोट्यातली फट किंचित रुंदावली होती, तीही माझ्या नजरेतून सुटली. त्याला ऑपरेशन करून स्क्रू टाकावा लागला. त्या दिवसापासून मुरगळलेला पाय आला की माझा हात गुडघ्यापर्यंत जातो. तुम्हीही मुलाचं ते हाड वरपर्यंत दाबून बघा.

म्हणून मिस्टरांच्या ‘जाऊन फोटो काढून आणू’ या म्हणण्याबद्दल मला बोलायचंय. किरणांची भीती मी घालणार नाही. घोट्याच्या एक्स-रेमध्ये मिळणारे किरण नगण्य असतात, आपल्याला निसर्गातून काही तासांत मिळतात तेवढेच. माझी काळजी वेगळी आहे. कुणी न तपासता काढलेला फोटो ‘नॉर्मल’ येतो, आणि घरात तो शब्द ‘काही झालेलं नाही’ असा ऐकला जातो. एक्स-रेवर लिगामेंट दिसत नाही. पूर्ण फाटलेलं असलं तरी दिसत नाही. मग पोरगं आठव्या दिवशी मॅटवर उतरतं, कारण ‘फोटोत काही नव्हतं’. माझ्याकडे वारंवार मुरगळणारा घोटा घेऊन जी खेळाडू मुलं येतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची कहाणी अशीच सुरू झालेली असते. पहिल्या वेळी फोटो नॉर्मल आला, आणि मग कुणी उपचारच केले नाहीत. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला फ्रॅक्चरपेक्षा या गोष्टीची धास्ती जास्त आहे.

एक्स-रे काढायची वेळ आलीच, तर तो कसा निघतो हेही माहीत असू द्या. समोरून, बाजूने, आणि तिसरा पाय पंधरा-वीस अंश आत वळवून, असे तीन फोटो घ्यायचे असतात. सुतार चौकटीच्या खाचेत कुसू घट्ट बसवतो, तसं घोट्यात दोन हाडांच्या खाचेत खालचं हाड बसलेलं असतं. खाचेची फट तिन्ही बाजूंनी सारखी आहे का, ते त्या तिसऱ्या फोटोत कळतं. दोनच फोटो हातात दिले, तर तिसरा विचारा.

आता सासूबाई. त्यांच्याकडे वळले की मला तुमच्या डॉक्टरांचं खरंच कौतुक वाटतं.

बोटाने दाबणं आणि चार पावलं, या दोन्ही कसोट्या एका गोष्टीवर उभ्या आहेत. माणसाला दुखणं कळलं पाहिजे. पंधरा वर्षांच्या शुगरमध्ये पायांच्या नसा बऱ्याचदा बधिर होतात. हळूहळू होतात, त्यामुळे माणसाला ते उमगतही नाही. चप्पल पायातून निसटली तरी समजत नाही, तळपायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं. अशा पायावर दाबून ‘दुखत नाही’ असं उत्तर आलं, तर त्याला अर्थ उरत नाही. म्हणून पायाची संवेदना कमी असलेल्यांना ओटावाचा नियम लावायचाच नाही, असं स्पष्ट ठरलेलं आहे. दारूच्या अंमलाखाली असलेला, डोक्याला मार लागून नीट भानावर नसलेला, किंवा दुसरं कुठलं मोठं हाड मोडल्यामुळे सगळं लक्ष तिकडेच असलेला माणूस, यांनाही नाही. अशा सगळ्यांच्या बाबतीत एक्स-रे काढायला हात आखडता घेऊ नये. तुमच्या डॉक्टरांनी सासूबाईंचं नुसतं वय बघितलं असेल असं मला वाटत नाही. १९९२च्या पहिल्या मांडणीत ५५ वर्षांवरचं वय हेही एक्स-रेचं कारण होतं, पण पुढच्याच वर्षी नियम सुधारताना ते वगळलं गेलं. त्यांनी बघितली ती शुगर.

आणि त्या चालत कशा होत्या? शरीराचा बहुतेक भार नडगीचं जाड हाड घेतं, बाहेरच्या बारीक हाडावर थोडाच येतो. ते बारीक हाड मोडूनही बरीच माणसं चालतात, आणि पाय बधिर असेल तर सहज चालतात. ‘चालता येतंय म्हणजे मोडलेलं नाही’ हे वाक्य घरात कुणी म्हणालं, तर सासूबाईंचा फोटो काढून दाखवा.

प्लास्टर लवकर काढायचं का? नाही. दुखत नाही हे त्यांच्या बाबतीत बरं झाल्याचं लक्षण धरता येत नाही. मोडलं तेव्हाही कुठे दुखत होतं? शुगर असलेल्यांचं हाड जुळायला अनेकदा जास्त वेळ लागतो, आणि प्लास्टर कधी उतरवायचं ते पुन्हा एक्स-रे पाहून डॉक्टरच ठरवतील. बधिर पायावर न जुळलेल्या हाडाने चालत राहिलं, तर हळूहळू सांध्याची ठेवणच बिघडू शकते. डॉक्टरांनी त्या पायावर भार द्यायची परवानगी दिली आहे का, हे त्यांना नेमकं विचारा आणि तेवढंच पाळा. पुढे प्लास्टर उतरल्यावर कधी पाऊल गरम, लालसर आणि सुजलेलं दिसलं, दुखत नसलं तरी, तर थांबू नका. मधुमेहाच्या पायात हाडं आतून ठिसूळ होऊन ढासळण्याची ती सुरुवात असू शकते, आणि त्या टप्प्यावर एक्स-रे नॉर्मलही दिसतो.

मुलाचं पुढे काय करायचं ते सांगते. पहिले दोन-तीन दिवस बर्फ आणि पाय उशांवर उंच, हे तुम्ही केलंच असेल. आंबेहळदीचा लेप सासूबाईंनी सुचवला असेल, तर कातडी फुटलेली नसताना तो लावायला माझी ना नाही. पण कुणाकडे नेऊन पाय ओढून घेणं, चोळून घेणं नको. फाटलेली पट्टी जुळू पाहत असते, ती पुन्हा फाटते. बँडेज बोटांकडून वर गुंडाळायचं आणि रात्री झोपताना सैल करायचं. आणि पाय अगदी जखडूनही ठेवायचा नाही. सोसेल तेवढा भार देत चालू द्या. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं लिहायला सांगा, अ पासून ज्ञ पर्यंत, दिवसातून तीन-चारदा. ज्ञ काढताना घोटा सगळ्या दिशांनी फिरतो. दुखणं उतरलं की सकाळी दात घासताना त्याच पायावर उभं राहायचं, आधी भिंतीला हात लावून, मग सोडून, मग डोळे मिटून. लिगामेंट फाटतं तेव्हा घोट्याची तोल सांभाळायची जाणही मंदावते. ती अशीच परत येते. कबड्डीला उतरण्याआधी त्याने त्या एका पायावर न दुखता दहा-बारा उड्या मारून दाखवाव्यात आणि धावता धावता अचानक दिशा बदलून दाखवावी. तोवर संघाचे सर कितीही मागे लागले तरी नाही. परतल्यावरही काही महिने खेळताना घोट्याला आधारपट्टा असू द्या.

दुखापतीला आठवडा होईल तेव्हा डॉक्टरांना पाय पुन्हा दाखवा, बरं वाटत असलं तरी. सूज ओसरल्यावर हाड जास्त स्पष्ट हाताला लागतं, आणि शंभरात एखादं निसटणारं फ्रॅक्चर तेव्हा सापडतं. त्याआधी चालणं सुधारण्याऐवजी बिघडलं, तर तेव्हाच जा. बोटं गार किंवा बधिर पडली, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा. दीड महिन्यानंतरही घोटा आत खोलवर दुखत राहिला किंवा अडकल्यासारखा वाटला, तर एमआरआयचा विचार करायचा, आज नाही.

तुमच्या घरात एखादं लहान मूलही असेल, म्हणून एवढं लिहिते. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेचा थर असतो आणि त्याची दुखापत एक्स-रेवर दिसेलच असं नाही. लहान मुलाच्या हाडावर नेमकं दुखत असेल, तर फोटो नॉर्मल आला तरी डॉक्टर पाय काही दिवस आधारात ठेवतात. ते ऐका.

आणि सासूबाईंचा पाय गरम पाण्याने, पिशवीने शेकू नका, कितीही मागितलं तरी. बधिर पायाला चटका समजत नाही. प्लास्टरबाहेरची बोटं रोज संध्याकाळी दिव्याच्या उजेडात स्वतः बघा, दोन बोटांच्या मधली जागाही. रंग बदललाय का, कुठे फोड आलाय का, प्लास्टरच्या कडेने कातडी सोलवटलीय का, वास येतोय का. त्या ‘काही नाही गं’ म्हणतील. तरी बघा.